कुकडीकाठचा लिंकर

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्याकडे नांगरट करताना दगड लागतो, माणूस तो उचलून बांधावर टाकतो आणि विसरून जातो. काही वर्षांनी बघावं तर बांधावर गुडघाभर गडगा उभा! आम्हा तिघांचं तसंच झालंय. काम करता करता एकेक टाकत गेलो, आणि आता चहाला बसलं की गडग्यावरच बसल्यासारखं वाटतं.

तिघं म्हणजे कोण, ते आधी सांगते. मी बोरी बुद्रुकची सून. लग्नाआधी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होते, आता घरूनच काम करते. दुसरे हांडे सर, पिंपरी पेंढारचे. पॉलिटेक्निकला शिकवून रिटायर झाले, आता कांदा पिकवतात. तिसरा अंकुश, सरांचा विद्यार्थी. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या पाण्याच्याही वर डोंगरात त्याची वाडी. घरची भातखाचरं, थोडी नाचणी.

आणि आम्ही करतो काय? कंपायलर आणि लिंकर सांभाळतो. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. असे उतरवलेले तुकडे जोडून त्यांचा एक प्रोग्रॅम करतो तो लिंकर. आमचं टूल छोट्या चिपांसाठी आहे, आणि ओपन सोर्स. म्हणजे कुणीही घ्यावं, उघडून बघावं, बिघडलं तर दुरुस्त करावं. कुणी पगार देत नाही. कुणी सांगितलंही नव्हतं. तरी करतो.

* * *

सुरुवात सरांपासून झाली. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमधल्या चिपमध्ये काहीतरी गडबड होती. शोधत शोधत सर थेट लिंकरच्या पोटात शिरले. तिथली चूक काढली आणि ज्यांनी टूल लिहिलं त्यांना मेल केली. माणूस सातासमुद्रापलीकडच्या थंड देशातला. सही फक्त ‘एम.’ एवढीच. सरांनी शिरस्त्याप्रमाणे सुरुवात केली, ‘रिस्पेक्टेड सर’.

उत्तर आलं. दुरुस्ती मान्य, आभार वगैरे. पण वर लिहिलेलं, ‘रिस्पेक्टेड मॅडम’!

सरांना वाटलं, घाईत झालं असेल. पुढच्या मेललाही तेच. त्याच्या पुढच्याही. आम्ही हसायला लागलो तर सर आम्हालाच दटावायचे, “अरे, त्यांच्याकडं आदरानं असंच म्हणत असतील. आपण दुसऱ्याच्या रीतीला हसू नये.”

मग एकदा पहिल्यांदाच व्हिडिओ मीटिंग ठरली. पडद्यावर एक पांढऱ्या केसांच्या बाई. मागं खिडकीत बर्फ, मांडीवर लोकरीचा गुंडा, हातात सुया. त्या सरांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“मॅडम,” त्या शेवटी म्हणाल्या, “तुम्हाला चांगल्याच मिश्या आहेत!”

सरांनी हात जोडले. “आणि सर, तुम्ही विणकाम सुरेख करता!”

तेव्हापासून त्या आमच्या मार्थाबाई.

* * *

अंकुशच्या वाडीत रेंज नाही. वाडीपासून वर कड्याच्या टोकाला एक हिरड्याचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी बसलं की मिळते. तेच त्याचं ऑफिस. मागं कडा, पुढं सगळी दरी, आणि खाली धरणाचं पाणी आरशासारखं पडलेलं. तिथून तो जगभरच्या लोकांशी बोलतो.

पावसाळ्यात एकदा मीटिंग चालू होती. अंकुश एका नव्या चिपसाठी केलेलं काम समजावून सांगत होता. बोलता बोलता त्याच्या मागचा डोंगर दिसेनासा झाला. मग झाड गेलं. मग अंकुशही गेला. पडदा नुसता पांढरा! आवाज मात्र चालू. पानांवरून टपटप पाणी पडतंय, कुठंतरी गुरांच्या गळ्यातली घाटी वाजतेय, आणि त्या पांढऱ्यातून अंकुश एकेक ओळ वाचतोय. मला तर वाटलं, प्रोग्रॅम असाच वाचायला हवा.

कुणीतरी विचारलं, “अंकुश, तुझा कॅमेरा बंद पडलाय का?”

“नो नो. आय ॲम इन द क्लाउड.”

मीटिंगमध्ये एक उत्साही तरुण होता. तो किती दिवस मागं लागलेला, की आपापल्या मशीनवर टूल कशाला चालवता, सगळं भाड्याच्या सर्व्हरवर न्या, क्लाउडवर न्या. त्याला आनंद मावेना. “अभिनंदन! कधी गेलास? आणि कोणत्या क्लाउडवर?”

अंकुशनं इकडंतिकडं बघितलं असावं.

“मोठा आहे,” तो म्हणाला. “कोकणातनं आलाय.”

* * *

मग टूलचे मेसेज मराठीत आणायचं ठरलं. प्रोग्रॅममध्ये चूक झाली की टूल इंग्रजीत ओरडतं. शिकाऊ पोरं तिथंच घाबरतात. म्हणून आम्ही तिघं नारायणगावच्या एका चहाच्या टपरीवर बसलो.

एखादं नाव प्रोग्रॅममध्ये वापरलंय, पण ते कुठल्याच तुकड्यात नाही, तेव्हा काय म्हणायचं? सर म्हणाले, “अपरिभाषित संदर्भ.”

अंकुशनं चहा खाली ठेवला. “सर, ह्ये वाचून मानूस प्रोग्रॅम सोडून गुरं राखाया जाईल! सरळ म्हना की, नाव सापडंना.”

“हे बोलीभाषेतलं झालं.”

“मग चूक काय पुस्तकी भाषेत होती व्हय?”

सर हरले. मग ‘वॉर्निंग’ आलं. सरांनी ‘इशारा’ सुचवलं. अंकुश म्हणाला, “इशारा धरणातनं पानी सोडताना देत्यात. ह्ये तर नुसतं खांद्यावर हात ठिवून सांगायचं हाय. ‘बघा बुवा.’” आणि जिथं टूलला पुढं जाताच येत नाही तिथं लिहिलं, ‘आता थांबतो.’

मार्थाबाई काहीही तपासल्याशिवाय घेत नाहीत. त्यांनी आमचे मेसेज भाषांतराच्या मशीनमधून काढून बघितले आणि मेल पाठवली. ‘सगळं ठीक वाटतंय. फक्त एक शंका. माझा लिंकर जरा काही खुट्ट झालं की वापरणाऱ्याला साधुमहाराज म्हणून हाक का मारतो?’

बुवांचा अर्थ समजावताना सरांची अख्खी दुपार गेली. पण मेसेज तसेच राहिले. पुढं पारगावच्या एका मुलीची मेल आली. कॉलेजात पहिल्यांदाच प्रोग्रॅम लिहीत होती. तिनं एवढंच लिहिलेलं, ‘माझी चूक इतक्या मायेनं आजवर घरातपण कुणी दाखवली नव्हती.’

* * *

सरांचा स्वतःचा किस्सा सांगितला नाही तर ते रागावतील. सांगितला तरी रागावतील, पण कमी.

सरांना एकदा कंपायलरला हुशार करायची लहर आली. प्रोग्रॅममध्ये काही ठिकाणी चिप नुसत्या फेऱ्या मारत बसते. बेरीज नाही, वजाबाकी नाही, निष्पन्न काही नाही. सर म्हणाले, “असल्या रिकाम्या फेऱ्या कंपायलरनंच ओळखून काढून टाकायच्या. प्रोग्रॅम कसा चपळ होईल!” त्यांनी ते केलं. टेस्ट पास झाल्या. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी पहिला प्रयोग स्वतःच्याच विहिरीवर केला.

आता, मोठी मोटार एकदम पूर्ण जोरात सुरू करत नाहीत. स्टार्टर आधी तिला हळू फिरवतो, जरा दम घेतो, मग पूर्ण जोर देतो. तो मधला दम म्हणजेच त्या रिकाम्या फेऱ्या! कंपायलरनं दमच काढून टाकलेला. सरांनी बटण दाबलं. मोटार घूंऽऽ करून हिसकली, परत दाबलं, परत हिसकली, आणि तिसऱ्यांदा वास आला. जळका.

कांद्याला पाणी द्यायचं होतं. मोटार वर काढून तिचं जळालेलं वायंडिंग भरायला न्यावी लागली. शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाइप आणून कसंबसं भागवलं. कांदा वाचला. सर मात्र दोन्ही हात मागं बांधून अंगणात फिरत होते. आम्ही दोघं धावत गेलो, वाटलं, खचले असतील.

इथं काकूंबद्दल सांगायला हवं. काकू म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. रिटायर झाल्यापासून सर संध्याकाळी ओट्यावर बसतात आणि समोर उसाचे तुरे हलताना बघत राहतात. काही करत नाहीत. काकूंचं रोजचं वाक्य ठरलेलं, “नुसते रिकामे बसता! त्यातून निष्पन्न काय?”

आम्ही पोचलो तेव्हा काकू नेमक्या ओट्यावर उभ्या होत्या. सर थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“बघितलंस?” ते काकूंना म्हणाले. “रिकामं बसणं काढून टाकलं की काय होतं ते बघितलंस? मोटार जळते!”

आणि शांतपणे जाऊन ओट्यावर बसले.

* * *

अंकुशच्या आईला एकच काळजी. पोरगा दिवसभर हिरड्याखाली बसून करतो काय? भातलावणीच्या वेळी चिखलात वाकल्या वाकल्या तिनं एकदा विचारलंच. अंकुशनं तिला कळेल असं सांगितलं. “आये, प्रोग्रॅमचं तुकडं असत्यात. एक तुकडा म्हनतो, मला अमक्या नावाचा पायजे, पन तो कुठं ऱ्हातो ते मला ठाव न्हाई. दुसऱ्या तुकड्यात तो असतो. माझा लिंकर दोघांची गाठ घालून देतो.”

आई रोपांची जुडी हातात घेऊन सरळ उभी राहिली. “म्हंजी तू सोयरिकी जमवतोस व्हय! मग आधी का न्हाई बोल्लास?”

लावणी संपायच्या आत बातमी वाडीभर. मग दोन डोंगर ओलांडून. एक दिवस हिरड्याखाली घोंगडी पांघरलेले एक पाहुणे येऊन बसले. भाचीचा फोटो पुढं केला.

अंकुश म्हणाला, “मामा, गैरसमज झालाय. मी कॉम्प्युटरातली नावं जुळवतो.”

“आसंल राव. पन तुमी जगभरची नावं जुळवता, आन् आमच्या पोरीला पल्याडच्या खोऱ्यात येक पोरगा घावंना तुमाला? लई शिकल्याली हाय. नर्स हाय.”

अंकुशला नाही म्हणता येईना. त्याच्याबरोबर शिकलेला एक मित्र आठवला, पल्याडच्याच खोऱ्यातला. त्यानं फोन लावला. आणि जमलं की हो! मुलानं आणि मुलीनं एकमेकांना पसंत केलं, उन्हाळ्यात लग्न लागलं. मांडवात अंकुशला नवरदेवाच्या मामासारखा मान. सर आणि मी वऱ्हाडात. जेवणं झाली, डोंगरावर संध्याकाळ उतरत होती, करवंदांचा वास येत होता, आणि आणखी दोन पाहुणे फोटो घेऊन अंकुशच्या शेजारी येऊन बसले.

अंकुशची आई माझ्या कानाशी आली. तिच्या आवाजात कौतुक होतं आणि कळही होती.

“सगळ्यांची जुळवतो गं बाई,” ती म्हणाली. “सोताचं मातर नाव सापडंना!”

* * *

आता मार्थाबाई बोरीला आल्या तो किस्सा.

आधी त्यांची मेल आली. लिहिलेलं होतं की डोळे अधू झालेत, हातही थरथरतात. टूल कुणाच्या खरोखर उपयोगाचं आहे असं वाटत नाही, मोठमोठ्या कंपन्यांची नवी टूलं आलीत. तेव्हा आता त्याला कुलूप लावून टाकते. बघायला राहील, पण पुढं कुणी हात लावायचा नाही.

सरांनी उलट मेल केली, “आमच्याकडं विहिरीविहिरीवर तुमचा लिंकर आहे!” त्यांचं उत्तर आलं, “मी तो आयुष्यभर लिहिला. काम करताना कधीच बघितला नाही.”

सरांनी पुन्हा लिहिलं, “मग या.”

आणि त्या आल्या! हिवाळा होता. हातात काठी, डोक्याला स्वतः विणलेली टोपी. आमच्याच घरी उतरल्या. माझे सासरे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांना इंग्रजीचा गंध नाही. त्यांनी मला बाजूला बोलावलं. “ह्या बाई करत्यात काय?”

“अण्णा, आपल्या स्टार्टरमध्ये चिप आहे ना, तिच्यातला प्रोग्रॅम ह्यांच्या टूलनं जोडलाय.”

अण्णांनी क्षणभर विचार केला. “मंग आपल्या मोटारीच्या म्हायेरचं मानूस म्हना की!”

त्यांनी घरात जाऊन डोक्याला नवा पटका बांधला आणि बाईंना विहिरीवर घेऊन निघाले. वाट उसातून. बिबट्याला चाहूल लागावी म्हणून अण्णा मोबाइलवर मोठ्यानं भजन लावतात, ते लावलेलं. त्याच्या तालावर मार्थाबाईंची काठी पडत होती. दोन्ही अंगाला उसाचे चंदेरी तुरे, कुकडी नदीवरून धुकं वर येतंय, आणि पुढं पटका, मागं टोपी. सर, अंकुश आणि मी त्यांच्या मागून.

विहिरीवर स्टार्टरची पेटी आहे. अण्णांनी पेटीला हळदकुंकू लावलं आणि बाईंना हिरवं बटण दाखवलं. त्यांनी आधी नुसता हात ठेवला पेटीवर. मग दाबलं. खट्. मोटार फिरायला लागली. मग पुन्हा खट्. आणि काही नाही. बाई आमच्याकडे बघायला लागल्या.

“दम धरा म्हनावं,” अण्णा म्हणाले. “पानी वाटंत हाय.”

लांबच्या पाइपातून आधी हवा आली, मग खाकरल्यासारखा आवाज, आणि मग पाणी. बाईंनी बूट काढले, मोजे काढले, आणि एवढ्या थंडीत सरीत जाऊन उभ्या राहिल्या. पाणी घोट्यावरून जात होतं. त्या वाकून ते पुढं कुठवर जातंय ते बघत राहिल्या.

मी जवळ गेले. त्या म्हणाल्या, “मी आजवर नुसत्या टेस्ट पास झालेल्या बघितल्या.”

कुलुपाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. निघताना सासूबाईंनी त्यांची ओटी भरली. बाईंनी टूलचा सगळा कारभार आम्हा तिघांच्या नावावर करून दिला, आणि बदल्यात एकच मागितलं. अण्णांची मोटार चालू झाली की मला तिकडं कळावं.

ते अवघड नव्हतं. आमचा स्टार्टर मोटार लागली की अण्णांना फोन करतो. फोन उचलला की रेकॉर्ड केलेला आवाज म्हणतो, ‘मोटार चालू झाली आहे.’ मी घरच्या कॉम्प्युटरवर थोडं जुळवलं, आणि तोच फोन बाईंनाही जायला लागला. बोरीत पाणी सुटलं की बर्फातल्या त्या घरात फोन वाजायचा. त्यांनी त्याबद्दल कधी काही लिहिलं नाही. ‘नको’ असंही लिहिलं नाही.

उन्हाळा गेला. मग श्रावणात झड लागली. दिवसच्या दिवस ऊन नाही. शेतं पाण्यानं तुडुंब, मोटारीला कोण विचारतो? पेटीवर गोणपाट टाकून ठेवलेलं.

एका दुपारी अण्णा दारात बसले होते. मी आत कामात. त्यांचा फोन वाजला. लांबलचक नंबर बघून त्यांनी आधी मला हाक मारली, आणि मी येईपर्यंत उचललाही.

पलीकडून आवाज आला. अगदी जपून, एकेक अक्षर लावत.

“अण्णा? मोटार?”

अण्णा ताडकन उभे राहिले. “न्हाई वो बाई! पाऊस हाय, पाऊस!”

तो शब्द त्यांना रेकॉर्डमध्ये कधी ऐकू आला नव्हता.

“पाऊस!” अण्णा आणखी मोठ्यानं म्हणाले. “पाऊऽऽस!”

मी फोन घ्यायला हात पुढं केला. अण्णांनी दुसऱ्या हातानं मला थांबवलं. ते ओट्याच्या कडेला गेले, पत्र्यावरून पागोळ्या गळत होत्या तिथं, आणि त्यांनी हात लांब करून फोन बाहेर धरला. बाही भिजली, मनगट भिजलं. ते तसेच उभे राहिले.

पलीकडून फोन कुणी ठेवला नाही.